जुन्या इनलाइन डिझेल पंपाचं ऑइल: तपासायचं कसं, बदलायचं कसं

इंजिनचं ऑइल वेळेवर बदलणारे ट्रॅक्टरवाले पुष्कळ आहेत. त्याच इंजिनच्या बाजूला बसलेल्या डिझेल पंपात स्वतःचं वेगळं ऑइल असतं, हे मात्र अनेकांना पंप दुरुस्तीला गेल्यावरच कळतं. ज्यांना माहीत असतं ते झाकण उघडतात, आत ऑइल दिसलं की समाधानाने बंद करतात. चूक तिथेच होते. या पंपात ऑइल कमी होण्यापेक्षा वाढण्याचा धोका मोठा असतो. वाढलेली पातळी म्हणजे आत डिझेल उतरतंय. पातळ झालेल्या त्या मिश्रणावर कॅमशाफ्ट (पंपातला फिरता दांडा), रोलर आणि बेअरिंग घासत राहतात. पट्टीवर ऑइल भरपूर दिसत असतं आणि पंप आतून झिजत असतो.

हा लेख जुन्या ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटरवरच्या इनलाइन पंपाबद्दल आहे. सिलिंडर जितके, तितके एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल, अशी जोडी) एका रांगेत असलेला हा पंप. तुमच्या गाडीचं सर्व्हिस पुस्तक हाताशी असेल तर ऑइलचा ग्रेड आणि बदलायचे तास त्यातलेच धरा. पुस्तक नसेल तर खाली दिलेला क्रम सांभाळा.

## १. आधी पंप ओळखा

कामाची सुरुवात पान्याने करू नका. आधी पंपाकडे नीट बघा.

रोटरी पंपात (जुन्या ट्रॅक्टरवरचा सीएव्ही कंपनीचा गोल, आखूड डीपीए पंप किंवा व्हीई जातीचा) वेगळं ऑइल नसतं. त्याच्या आतलं वंगण म्हणजे डिझेलच. त्याचा एखादा स्क्रू उघडून ऑइल ओतलं तर ते थेट डिझेलच्या वाटेत जातं. शेतातल्या एका सिलिंडरच्या पाणी उपसायच्या इंजिनवर बहुतेक वेळा पीएफ जातीचा छोटा पंप असतो. त्याला स्वतःचा कॅमशाफ्टच नसतो, इंजिनचा कॅम त्याला ढकलतो. तिथेही पंपाचं वेगळं ऑइल बदलायचं काम नाही.

उरला इनलाइन पंप. त्याच्या अंगावर नाव-नंबराची पत्र्याची पट्टी असते. जुन्या पट्ट्यांवर मायको (पंप बनवणारी कंपनी) हे नाव दिसेल. नंबराची सुरुवात पीई किंवा पीईएस अशी असेल तर पंपाला स्वतःचा कॅमशाफ्ट आहे. त्यापुढचा आकडा सिलिंडरचा, आणि नंतरचं ए हे अक्षर पंपाच्या आकाराचं.

इनलाइन पंपातही दोन प्रकार आहेत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो:

- स्वतःचं ऑइल असलेला: वर भरायचं झाकण, बाजूला पातळीचा बोल्ट किंवा छोटी पट्टी, खाली ऑइल काढायचा बोल्ट. काहींना जादा ऑइल बाहेर जाण्यासाठी बारीक नळी असते.
- इंजिनच्या ऑइलवर चालणारा: इंजिनच्या ब्लॉकपासून एक बारीक ऑइल पाइप येऊन पंपाच्या कॅमच्या भागाला बॅन्जो बोल्टने (आतून पोकळ बोल्टने) जोडलेला असतो. आतलं ऑइल परत इंजिनमध्ये उतरतं. इथे पंपाचं ऑइल वेगळं बदलत नाहीत, पण पंप काढून पुन्हा बसवला की सुरुवातीला एकदा ते हाताने भरावंच लागतं.

तपासा: पंप मूळचाच आहे की बाजारातून जुना आणून बसवलेला? इंजिनच्या ऑइलवर चालणारा पंप ऑइल पाइप नसलेल्या इंजिनवर बसवलेला असेल तर त्याला ऑइल कुठूनच मिळत नाही. पाइपही नाही, पातळीचा बोल्टही नाही आणि झाकण शेवटचं कधी उघडलं हे कुणालाच आठवत नाही, असा पंप दिसला तर आधी पंपवाल्याला दाखवा.

## २. तयारी

ऑइल फार थोडं लागतं. तीन-चार सिलिंडरच्या पंपाला साधारण पाव लिटरच्या आसपास. अर्धा लिटर हाताशी असलं की पुरे.

ऑइल कोणतं? पुस्तकात वेगळं सांगितलेलं नसेल तर इंजिनला जे घालता तेच चांगल्या प्रतीचं डिझेल इंजिन ऑइल. "पंप गळतोय, जाड घाला" म्हणून गिअरबॉक्सचं ९० नंबरचं ऑइल घालायची सवय गावोगावी आहे. ती सोडा. इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची वजनं आणि सांधे हलक्या हालचालीसाठी बनवलेले असतात, जाड ऑइलमध्ये ते उशिरा प्रतिसाद देतात. मग लोड बदलला की इंजिन वरखाली होतं आणि दोष नोझलला दिला जातो. शिवाय जाड ऑइलने डिझेलची गळती थांबत नाही, फक्त उशिरा लक्षात येते.

जमवायचं सामान: नीट बसणारे रिंग पाने, बोल्टच्या मापाचे तांब्याचे नवे वॉशर, मोठी सिरिंज आणि तिला बसणारी प्लास्टिकची नळी, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापटं, काचेची रिकामी पारदर्शक बाटली, ब्रश, थोडं डिझेल आणि धागे न सुटणारं सुती कापड. कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचा एखादा धागा आत गेला तर बारीक वाट अडवतो.

वॉशर नवे मिळाले नाहीत तर जुने तांब्याचे वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. ते पुन्हा मऊ होतात आणि बसतात. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका.

गाडी सपाट जागी उभी करा. शेताच्या बांधावर किंवा उतारावर घेतलेली पातळी खोटी असते.

## ३. पंप बाहेरून धुवा

हा टप्पा गाळायचा नाही. मळणीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या हंगामानंतर पंपावर धूळ आणि डिझेलचा थर घट्ट बसलेला असतो. तसंच झाकण उघडलं तर तो थर पहिल्यांदा आत पडतो. ब्रशने डिझेल लावून थर सोडवा, कापडाने पुसा, कॉम्प्रेसरची हवा मिळत असेल तर तिने धूळ उडवा. खाचा आणि बोल्टच्या डोक्याभोवतीची जागा विशेष स्वच्छ करा.

सावधान: इंजिन गरम असताना पंपावर गार पाण्याचा फवारा मारू नका. प्लंजर आणि बॅरलमध्ये केवळ काही हजारांश मिलिमीटरची फट असते. बाहेरचं अंग अचानक आकसलं की प्लंजर जागच्या जागी अडकू शकतो.

स्वच्छ झाल्यावर प्रत्येक बोल्ट ओळखून घ्या. वरच्या बाजूचे एअर काढायचे स्क्रू डिझेलच्या गॅलरीचे (पंपाच्या आतल्या डिझेलच्या वाटेचे) असतात, ते ऑइलचे नव्हेत. तार आणि शिशाचं सील लावलेले स्क्रू डिझेलचं कमाल प्रमाण आणि कमाल वेग ठरवतात. त्यांना पाना लावायचा नाही. शंका असेल तर खडूने खुणा करा: भरणं, पातळी, काढणं.

## ४. थंड पंपाची पातळी बघा

इंजिन रात्रभर बंद असेल तर उत्तम. पट्टी असेल तर काढा, पुसा, पुन्हा पूर्ण बसवा आणि मग वाचा. पातळीचा बोल्ट असेल तर खाली मापटं धरून तो हळू उघडा.

- ऑइल भोकाच्या काठाशी येऊन जेमतेम पाझरलं तर पातळी बरोबर.
- काहीच आलं नाही तर कमी. बाहेरून गळती शोधा: ड्राइव्हकडची (पंप फिरवणाऱ्या टोकाची) सील, बाजूच्या झाकणाचं पॅकिंग, खालचा बोल्ट.
- धार लागली तर जास्त. धार थांबेपर्यंत मापट्यात घ्या आणि किती आलं ते लिहून ठेवा. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

ओव्हरफ्लो नळी असलेल्या पंपात पातळी वाढलेली दिसत नाही, कारण जादा ऑइल तिथून निघून जातं. अशा पंपाची नळी बघा. ती टपकत असेल, खाली चेसिसवर काळा ओघळ असेल, तर पातळी बरोबर असूनही आत डिझेल येतंय. ही नळी टपकते म्हणून तिच्यात बोल्ट ठोकलेले किंवा चिंधी कोंबलेले पंप सर्रास दिसतात. तसं करणं फार घातक. जादा ऑइलला बाहेरची वाट मिळत नाही, मग ते ड्राइव्हच्या सीलमधून टायमिंगच्या बाजूला आणि तिथून इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. पंपासोबत इंजिनचं ऑइलही पातळ होतं.

तपासा: याच वेळी इंजिनची पट्टीही बघा. तिथली पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका. हा नियम इंजिनच्या ऑइलवर चालणाऱ्या पंपालाही लागू आहे, किंबहुना तिथे जास्तच, कारण त्या पंपाची गळती दिसते ती फक्त इंजिनच्या पट्टीवर.

## ५. ऑइल काढा

आता इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालवा. ऑइल कोमट झालं की तळाचा गाळ त्यात मिसळतो आणि सोबत बाहेर येतो. मग इंजिन बंद करा आणि या क्रमाने जा:

1. आधी भरायचं झाकण उघडा.
2. मग पातळीचा बोल्ट उघडा.
3. शेवटी खालचा काढायचा बोल्ट.

क्रम उलटा केला आणि रिकाम्या पंपाचं वरचं झाकण जाम निघालं, तर ऑइल भरायला वाट नाही आणि गाडी जागेवर. झाकण सुटत नसेल तर ते आज, भरलेल्या पंपावर कळलेलं बरं.

खालचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असतो. जोर लावून तो तिरका फिरवला तर आटे जातात. पाना सरळ बसवा आणि सुटताना बोल्ट बोटाने काढा. सगळं ऑइल मापट्यात घ्या, जमिनीवर सोडू नका. पंधरा मिनिटं तरी निथळू द्या.

खाली बोल्टच नसेल तर सिरिंजला नळी लावून भरायच्या तोंडातून ऑइल ओढून घ्या. नळी जोराने आत खुपसू नका. असं ओढल्यावर थोडं जुनं ऑइल तळाला राहतंच, म्हणून थोडं नवं घालून, पाच मिनिटं इंजिन चालवून तेही ओढून काढा आणि मग शेवटचं भरा.

सावधान: आतून धुवायला रॉकेल किंवा डिझेल ओतू नका. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या ऑइलमध्ये मिसळतं, आणि पुढच्या वेळी पंप खरंच गळतोय का हे ओळखता येत नाही. धुवायचंच असेल तर थोडं ताजं ऑइल वापरा.

## ६. काढलेलं ऑइल नीट बघा

अनेक जण इथे ऑइल डब्यात ओतून मोकळे होतात. पंपाची खरी तब्येत मात्र या पाव लिटरमध्येच कळते. अर्धा तास इथे घालवा.

मोजा. गेल्या वेळी किती घातलं होतं आणि आता किती आलं? बोल्टमधून आधी निघालेलं त्यात मिळवायला विसरू नका. घातलं त्यापेक्षा ठळक जास्त आलं तर वाढलेलं बहुधा डिझेलच.

पातळपणा बघा. एका काचेच्या तुकड्यावर नव्या ऑइलचा एक थेंब आणि जुन्याचा एक थेंब शेजारी ठेवा, काच तिरकी करा. जुना थेंब झटकन पळाला तर त्यात डिझेल आहे. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर थेंब टाकला तर डिझेल असलेल्या थेंबाभोवती फिकं, तेलकट कडं लवकर पसरतं. वासही घ्या. थोडं डिझेल या पंपात उतरणं स्वाभाविक आहे. प्लंजरला रबरी सील नसते, त्याचं वंगण डिझेलच करतं आणि त्यातला काही अंश खाली येतो. म्हणूनच पातळी ठीक असली तरी ऑइल वेळेवर बदलायचं. प्रश्न असतो तो वेगाचा: थोड्याच तासांत पातळी वाढते की पूर्ण हंगामात किंचित.

बाटलीत ठेवून द्या. रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. झाकणाचं पॅकिंग, ब्रीदर (हवेची वाट) आणि धुण्याची पद्धत तपासा.

लोहचुंबक फिरवा. बाटलीच्या बाहेरून चुंबक तळाशी न्या. बारीक राखाडी भुकटी थोडी असतेच. चकाकणारे कण, पापुद्रे किंवा सुयांसारखे तुकडे दिसले तर रोलर, कॅम किंवा बेअरिंग सोलून निघतंय. नवं ऑइल घालून ते बरं होणार नाही. इंजिन पुन्हा सुरू न करता पंप उतरवा.

## ७. नवं ऑइल भरा

खालचा बोल्ट नव्या वॉशरसह बसवा. आधी बोटाने पूर्ण फिरवा, शेवटी पान्याने बेताचं कसा. ॲल्युमिनियममध्ये "अजून थोडं" म्हणून लावलेला जोर महागात पडतो.

सिरिंजने हळूहळू भरा. कॅमशाफ्टच्या बेअरिंगमधून ऑइल पलीकडच्या भागात जायला वेळ लागतो. म्हणून पातळीच्या भोकातून ऑइल पाझरायला लागलं की थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा थोडं घाला, पुन्हा पाझरलं की बोल्ट बसवा. मापट्यात किती मोजलं त्यापेक्षा पातळीची खूण महत्त्वाची. तरीही घातलेलं प्रमाण मोजून लिहाच, पुढच्या वेळी हिशेब लागतो.

"थोडं जास्त असलेलं चांगलं" हे इथे चालत नाही. जादा ऑइल घुसळलं जातं, गरम होतं, गव्हर्नरच्या वजनांना अडवतं आणि सीलवर दाब आणतं.

सावधान: दुरुस्तीहून आलेला पंप बहुतेक वेळा कोरडाच येतो. पंपवाल्याच्या टेबलवर चाचणी झाली म्हणून ऑइल भरलेलं असेल असं धरू नका. बसवल्यावर इंजिन फिरवण्याआधी भरा.

## ८. गव्हर्नर विसरू नका

पंपाच्या मागच्या टोकाला वजनांचा गव्हर्नर असेल तर बहुतेकांत ऑइल पंपातूनच जातं. काहींना मात्र वेगळं झाकण आणि वेगळा पातळीचा बोल्ट असतो. तो दिसला तर तिथलं ऑइलही काढा आणि भरा. पंपाचं नवं आणि गव्हर्नरचं जुनं असं ठेवू नका.

जुन्या बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर आढळतो. इंजिनच्या हवेच्या वाटेपासून एक नळी त्याच्याकडे येते आणि आत पडदा असतो. पडदा चामड्याचा असेल तर तो वाळू नये म्हणून दिलेल्या छिद्रातून इंजिन ऑइलचे काही थेंब सोडतात. थेंबच, पिचकारी नाही.

पडद्याची चाचणी इंजिन बंद ठेवून करा. गव्हर्नरकडची नळी सोडा, बंद करायचा लिव्हर पूर्ण ओढा, नळी काढलेलं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि लिव्हर सोडा. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) थोडा सरकून थांबला किंवा अगदी हळू परतला तर पडदा शाबूत आहे. एका झटक्यात परतला तर पडदा फाटलाय किंवा कडेने हवा घेतोय. अशा पंपावर इंजिन सुरू करू नका. हवेची ओढ सुटली की स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन बेफाम पळतं.

## ९. सुरू करण्याआधी आणि नंतर

अॅक्सिलेटर आणि बंद करायचा लिव्हर हाताने हलवून बघा. दोन्ही सहज जाऊन परत आले पाहिजेत. काही अडकत असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. एअर फिल्टरच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी जवळ ठेवा. इंजिन पळालं आणि लिव्हरने थांबलं नाही तर हवा बंद करण्यासाठी ती लागते. तिथे हात कधीही लावू नका.

डिझेलची लाइन उघडली नसेल तर एअर काढायची गरज नाही. चुकून गॅलरीचा स्क्रू सैल झाला असेल तर हँड प्रायमरने (हाताने डिझेल चढवायच्या पंपाने) एअर काढून घ्या.

इंजिन पाच मिनिटं मंद चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पातळी पुन्हा तपासा. बोल्टभोवती कोरडं कापड फिरवा. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर पुन्हा एकदा. नंतर रोजच्या कामाच्या दिवसांत आठवड्याला एकदा पातळी बघा आणि इंजिनचं ऑइल बदलाल तेव्हा पंपाचंही बदला. ऊसतोडणी सुरू होण्याआधी एकदा हे उरकून घेतलं तर ऐन गाळपात पंप उतरवायची वेळ टळते.

काढलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका.

## १०. पातळी पुन्हा लवकर वाढली तर

दोन जागा पहिल्यांदा संशयाच्या: पंपाच्या बाजूला बसलेला, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि वरचे एलिमेंट. खर्चात मोठा फरक असल्याने आधी स्वस्त शक्यता तपासा.

फीड पंपाचा दांडा कॅमला टेकतो आणि तिथली सील झिजली की डिझेल थेट खाली उतरतं. पंपाचं बाजूचं तपासणीचं झाकण, सभोवार स्वच्छ करून, काढा. टॅपेट (कॅम ज्यांना वर ढकलतो ते भाग) आणि स्प्रिंगा दिसतील. बॅटरीचा उजेड टाका आणि दुसऱ्याला हँड प्रायमर सावकाश मारायला सांगा. वरून, एखाद्या बॅरलच्या बुडापासून थेंब ओघळत असतील तर बॅरलची बैठक किंवा तो एलिमेंट गळतोय. वरचं सगळं कोरडं आणि तरीही तळाशी पातळी वाढतेय, तर फीड पंप सोडून बघा. फीड पंप दुरुस्त करणं किंवा बदलणं हे बाहेरचं काम आहे, पूर्ण पंप उतरवावा लागत नाही.

झाकण बसवताना पॅकिंग नवं घाला. आतल्या टॅपेटच्या स्क्रूला हात लावू नका, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग त्यावर अवलंबून असतं.

एलिमेंट गळत असतील तर पंप टेबलवरच जायला हवा. पंपवाल्याला नुसतं "ऑइल वाढतंय" सांगू नका. किती घातलं, किती तासांनी किती निघालं, थेंब कोणत्या सिलिंडरखाली दिसले आणि चुंबकाला काय लागलं हे लिहून द्या, शक्य असेल तर काढलेल्या ऑइलची बाटलीही सोबत न्या. दुरुस्ती झाल्यावर बदललेले जुने एलिमेंट परत मागून घ्या आणि बसवण्याआधी पंप कोरडा आहे का, हे पातळीचा बोल्ट उघडून स्वतः बघा.